सालीचे चारशे फोटो

त्या पक्ष्याच्या मागे मी सहा वर्षं होते. चिमणीहून जरासा मोठा, अंगभर पांढरे ठिपके, बाकी रंग वाळक्या सालीचा. उंदरासारखा खोडावरून सरपटत वर चढतो. माणसाची चाहूल लागली की सालीला चिकटतो, आणि मग पक्षी उरत नाही, नुसतं झाड उरतं. पुस्तकात त्याला चांगलं लांबलचक नाव आहे, पण आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात त्याला सगळे सालपट म्हणायचे. गटात आम्ही आठ जण. सात जणांकडे सालपटाचा फोटो होता.

आठवी मी. पहिल्या खेपेला जंगलात आग लागली म्हणून फाटकावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला तीन दिवस धुकं होतं. तिसऱ्या खेपेला मला ताप आला आणि मी खोलीत पडून राहिले. नवरा एकटाच गेला आणि तासाभरात सालपटाचे चौदा फोटो घेऊन आला. त्याने ते मला मोठ्या प्रेमाने दाखवले. माणसाचा राग येऊ नये अशा वेळी तो फार येतो.

चौथ्या खेपेची तयारी मी सहा महिने केली. जागा ठरवली, नवी लेन्स घेतली, ती हातात पेलावी म्हणून रोज सकाळी पाण्याच्या बाटल्या उचलल्या. निघायच्या पाच दिवस आधी नवरा न्हाणीघरात घसरला आणि त्याचा घोटा मोडला. प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून तो म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ."

"तू जा पुढच्या वर्षी," मी म्हणाले. "मी आत्ता जाणार."

एकटीने जायला त्याची ना नव्हती, पण त्याच्या थोरल्या बहिणीची होती. ताईंचं वय एकसष्ट. पडदे शिवायचं दुकान त्यांनी तीस वर्षं चालवलं आणि गेल्या वर्षी सुनेच्या हाती दिलं. तेव्हापासून त्यांच्याकडे वेळच वेळ होता आणि तो कुठे घालवावा हे त्यांना कळत नव्हतं. "मी येते वहिनीबरोबर," त्या म्हणाल्या. "मला पक्षी नकोत. मी शब्दकोडी घेऊन बसेन." पक्ष्यांतला त्यांना कावळा कळायचा. चिमणीबद्दलही त्या जरा चाचरतच बोलायच्या.

अशा आम्ही दोघी निघालो.

जंगलाच्या कडेला असलेल्या विश्रामगृहात आमची खोली होती. दोन खाटा, एक टेबल, भिंतीला खुंट्या. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकाशी आमचा वाटाड्या उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, काटक, हिरवा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. गळ्यात दुर्बीण होती, पण ती तो क्वचितच डोळ्यांना लावायचा. जीप थांबवायचा, खाली उतरायचा, मान खाली घालून जमिनीकडे बघत उभा राहायचा. आधी मला वाटलं काही हरवलंय. मग कळलं, तो ऐकतोय.

"सालपट पाहिजे," मी त्याला पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि पुस्तकातलं नाव सांगितलं.

"मिळेल," तो म्हणाला. "आठवड्यात चारदा दिसलाय. या दिवसांत बोलतो."

पाऊण तास गेल्यावर एका विरळ झाडीत तो थांबला. ताई जीपमध्येच राहिल्या. मी कॅमेरा खांद्याला लावून त्याच्या मागे गेले. त्याने हात वर केला.

"बोलतोय," तो हळूच म्हणाला.

मी कान टवकारले. पानं हलत होती. लांब कुठे होला घुमत होता. एक कोतवाल पक्षी ओरडून गेला.

"येतोय ना आवाज?" वाटाड्याने विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

"मग त्या अंगाला बघा."

मी बघितलं. त्या अंगाला शंभर झाडं होती आणि सगळ्यांना साल होती. मी एकेक खोड भिंगातून वरपासून खालपर्यंत चाळलं. मिनिटभराने तो म्हणाला, "गेला." आणि चालायला लागला.

त्या सकाळी हे तीनदा झालं. बोलतोय, त्या अंगाला बघा, गेला. दुसऱ्या सकाळी पाचदा. पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवायला तिथे बंदी होती, पायवाट सोडायलाही बंदी होती. सगळा भरवसा या माणसाच्या कानावर. आणि मला तर होला, कोतवाल, सुतार, पोपट, सगळे नीट ऐकू येत होते. ऐकू येत नव्हता तो एकच, जो हा माणूस म्हणेल तेव्हा बोलायचा आणि हा म्हणेल तेव्हा जायचा.

इथे मला माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी एका कानाच्या डॉक्टरांकडे श्रवणतपासणी करते. सव्वीस वर्षं झाली. आवाजबंद खोलीत पेशंटला हेडफोन घालून बसवायचं, काचेच्या अलीकडे आपण मशीनपाशी बसायचं, एकेक सूर द्यायचा आणि ऐकू आल्यावर त्याने हातातलं बटण दाबायचं. हजारो माणसं त्या खुर्चीत बसून गेली. बहुतेकांना बायको नाहीतर सून धरून आणते. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: मला सगळं ऐकू येतं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. तेव्हा कोण ऐकतंय आणि कोण ऐकल्याचं सोंग करतंय हे मला लगेच कळतं, असा माझा समज होता. आणि या वाटाड्याकडे बघून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी खात्री झाली होती.

त्या दुपारी जेवणघरात शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला प्रवासी होता. त्याने आपणहून कॅमेरा पुढे केला. पडद्यावर सालपट होता. डोळा, चोच, ठिपके, सगळं मोजून घ्यावं असं स्वच्छ.

"कुणी दाखवला?" मी विचारलं.

"तुमचाच वाटाड्या. परवा सकाळी. माणूस नाही हो, कानच आहेत नुसते."

मी कॅमेरा परत केला. ताई म्हणाल्या, "मग तुलाही दाखवेल की."

"याला योगायोगाने दिसला असेल," मी म्हणाले. "आंधळ्याच्या हाती कधीतरी घबाड लागतंच."

तिसरी सकाळ शेवटची. मी पहाटेच ठरवलं होतं की आज तो जिकडे बोट करेल तिकडे नुसतं बटण दाबून धरायचं, दिसो न दिसो. तसंच केलं. बोलतोय म्हटलं की मी त्या अंगाची सगळी खोडं टिपायचे. नऊच्या सुमाराला त्याने मला एका मोठ्या झाडापासून वीस पावलांवर उभं केलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा उत्तेजित वाटला.

"अगदी समोर. बघा किती बोलतोय. थांबतच नाहीये."

मला पानांची सळसळ ऐकू येत होती. माझा स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बाकी काही नाही.

मी कॅमेरा खाली घेतला. "तुम्हाला खरंच ऐकू येतंय?"

"हो."

"मला काहीच ऐकू येत नाही."

तो वळला आणि माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "काहीच?"

त्याने ते कुत्सितपणे विचारलं नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा ते मला झोंबलं.

"असतं तर आलं असतं," मी म्हणाले. "सव्वीस वर्षं माझं कामच ऐकण्याचं आहे. तीन दिवस तुम्ही मला झाडं दाखवताय. पक्षी नाही मिळाला तर नाही मिळाला म्हणा, मी काही लहान मूल नाही. पण हे खेळवणं बंद करा."

तो म्हणाला, "आता मी काय सांगू, मॅडम." आणि जीपकडे चालायला लागला. परतीच्या वाटेवर त्याने एकदाही जीप थांबवली नाही.

दुपारी बस यायला तास होता. ताई सामान भरत होत्या. मी ऑफिसात गेले आणि तक्रारीचा कागद मागितला. व्यवस्थापक टेबलामागे बसून जाड वहीत रेघा मारत होता. त्याने कागद दिला, पेनही दिलं. मी लिहिलं: पक्षी नसताना आहे असं भासवून तीन दिवस दिशाभूल केली. तारीख घातली, सही केली. व्यवस्थापकाने वाचलं आणि भुवया वर केल्या.

"या माणसाबद्दल पहिलीच तक्रार आहे," तो म्हणाला.

"बाकीच्यांना पक्षी कळत नसतील," मी म्हणाले.

त्याने शिक्का मारला.

बसमध्ये ताईंनी शब्दकोडं उघडलं, मग मिटलं. त्यांच्या मनात काहीतरी घोळत होतं. अर्धा रस्ता संपल्यावर त्या म्हणाल्या, "ऑफिसात काय लिहून आलीस?"

मी सांगितलं.

"अगं, पण ती शिट्टी तर येत होती."

"कुठली शिट्टी?"

"बारीक. तेल नसलेलं शिलाई मशीन करतं ना, तशी. मला आधी वाटलं जीपचंच काहीतरी कुरकुरतंय. पण तो तिकडे बोलतोय म्हणून हात वर करायचा तेव्हाच ती यायची. आज सकाळी तर किती वेळ येत होती. कोडं सुचेना मला त्यापायी."

"जीपमध्ये ऐकू येत होती तुम्हाला?"

"चांगली."

"किडा असेल," मी म्हणाले.

"असेल बाई किडा," ताई म्हणाल्या. "पण मग तो किडा त्या माणसाचं ऐकत होता म्हणायचं." आणि त्यांनी पुन्हा कोडं उघडलं. उरलेला रस्ता मी खिडकीबाहेर बघत बसले. दाढीवाल्याचा फोटो डोळ्यांसमोरून जाईना. ताईंचा राग आला, त्यांनी तिथेच का नाही सांगितलं म्हणून. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, हे मला सुचलं नाही.

घरी आल्यावर मी कॅमेऱ्यातलं कार्ड नवऱ्याच्या पुढ्यात टाकलं. "चारशे बारा फोटो आहेत. सगळे सालीचे. बस बघत."

त्याला प्लास्टरमुळे दुसरा उद्योग नव्हता. तो खरंच बघत बसला. दोन दिवस संगणकावर साल मोठी करून बघत होता आणि मी येताजाता टोमणे मारत होते. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर त्याने मला खोलीत बोलावलं.

"हे काय आहे?" त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"साल."

"सालीला डोळा असतो का?"

मी चष्मा लावला. खोडाच्या उजव्या कडेला, चौकटीतून जवळजवळ बाहेर, एक ठिपक्यांचा उंचवटा होता. धूसर. शेपटी कापली गेलेली. पण डोळा होता, डोळ्यावर पांढरी भुवई होती, आणि चोच उघडी होती.

"बोलतोय बघ," नवरा म्हणाला. "शेवटच्या सकाळचा आहे, नऊ वाजून सहा मिनिटं." तो खुशीत होता. सहा वर्षांनी बायकोला पक्षी मिळाला म्हणून. मी त्याच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. नऊ वाजून सहा मिनिटांनी तो पक्षी माझ्यापासून वीस पावलांवर चोच उघडून ओरडत होता आणि मी एका माणसाला खोटारडा ठरवत होते.

तरी मी आणखी चार दिवस काढले. स्वतःला काहीबाही सांगितलं: वारा असेल, दमले असेन, टोपी कानावर होती. आणि त्याच चार दिवसांत दुसरं एक आठवत राहिलं, जे मला आठवायचं नव्हतं. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी मी मशीनचा प्रत्येक सूर स्वतः ऐकून बघते, मध्येच तुटत तर नाही ना म्हणून. गेलं वर्षभर सगळ्यात वरचा सूर मला अंधुक यायचा आणि मी मशीनचा आवाज दोन खुणा वाढवून काम भागवत होते. मशीन जुनं झालंय म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं. त्याने तासभर तपासलं आणि म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही. मी त्याच्याशीही भांडले होते. त्याला काम येत नाही असं डॉक्टरांना सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी शेवटचा पेशंट गेल्यावर मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. "माझी तपासणी कराल का?"

"तूच कर की. माझ्याहून बरी करतेस."

"स्वतःची नाही करता येत."

डॉक्टरांनी दहा-बारा वर्षांत मशीनला हात लावला नव्हता. कुठली कळ कुठे हे मी त्यांना दाखवलं, मग आत जाऊन पेशंटच्या खुर्चीत बसले. दार बंद झालं. त्या खोलीत बाहेरचं काहीच येत नाही. सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत होते की घाबरू नका, बसल्या जागी करायचं, सोपं आहे. सोपं नाही ते.

खालचे सूर आले. मी बटण दाबलं. मधले आले. मग सूर चढत गेले आणि दोन सुरांमधली शांतता लांबत गेली. काचेतून मला डॉक्टरांचं बोट दिसत होतं. ते कळ दाबायचं आणि उचलायचं, दाबायचं आणि उचलायचं. कानात काही नव्हतं.

पेशंटला बोट दिसू नये म्हणून मी माझा हात नेहमी पुठ्ठ्याआड ठेवते. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. त्यांचं बोट खाली गेलं आणि मी बटण दाबलं. पुन्हा गेलं, पुन्हा दाबलं. त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि आलेखावर खूण केली.

मी हेडफोन काढला आणि दार उघडलं. "हात झाका," मी म्हणाले. "मी बघून दाबतेय."

डॉक्टरांनी एक फाईल उभी धरली आणि आम्ही वरचे सूर पहिल्यापासून घेतले.

आलेख मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन्ही कानांची रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालत होती आणि मग कड्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली होती. "वयाप्रमाणे होतं," डॉक्टर म्हणाले. "तुझं जरा लवकर झालं. यंत्र लावू. बोलणं स्पष्ट होईल." मी विचारलं नाही, पण त्यांना कळलं असावं. "पाखरांसाठी नाही गं ती बनवलेली," ते म्हणाले. हे वाक्य मी स्वतः कितीतरी पेशंटना ऐकवलेलं आहे, जरा वेगळ्या शब्दांत.

दुसऱ्या दिवशी मी विश्रामगृहाच्या ऑफिसात फोन लावला. व्यवस्थापकाला सांगितलं की माझी तक्रार चुकीची होती, फाडून टाका.

"नोंद झालेली आहे," तो म्हणाला. "चौकशी होईपर्यंत त्याला फाटकावर बसवलंय."

"पण तक्रार करणारीच सांगतेय की तक्रार खोटी होती."

"फोनवर नाही चालत. लेखी द्या."

"पत्र पाठवते."

"पत्र पोचतं, पण सही तपासायला कुणीतरी समोर लागतं. आणि खरं सांगू का, तक्रार करायचा कागद आहे, मागे घ्यायचा नाही. आजवर कुणी घेतलेली नाही."

मी फोन ठेवला आणि पुन्हा लावला. दुसऱ्याने उचलला, त्याने पहिल्याला बोलावलं, पहिल्याने तेच सांगितलं. आठवडाभर हे चाललं. शेवटी ताई म्हणाल्या, "चल, जाऊन येऊ. आपण घातलेला गोंधळ आपणच निस्तरावा. फोनवर माप घेऊन पडदा शिवता येत नाही."

नवऱ्याने तो धूसर फोटो कागदावर छापून दिला. कानांत नवी यंत्रं घालून मी पुन्हा त्या बसमध्ये बसले. ताई कोड्याचं पान उलटायच्या तेव्हा ते मला फटाक्यासारखं वाजायचं.

ऑफिसात व्यवस्थापकाने फोटो उलटसुलट बघितला. कागद नाही, कागद नाही, हेच म्हणत राहिला. मग मी तक्रारीचाच कोरा कागद मागून घेतला. तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. तपशिलात लिहिलं: मला उंच सूर ऐकू येत नाहीत. हे मला माहीत नव्हतं. वाटाड्या खरं बोलत होता, पुरावा सोबत जोडला आहे. व्यवस्थापकाने ते दोनदा वाचलं. त्याला शिक्का कुठे मारावा कळेना, पण मारला. "सोमवारपासून घेतो त्याला कामावर," तो म्हणाला. दोन ओळी लिहायला मला तीनशे मैल यावं लागलं होतं.

वाटाड्या फाटकाशी लाकडी बाकावर बसला होता. गाडी आली की उठायचा, आडवा दांडा वर करायचा, वहीत आकडा लिहायचा आणि बसायचा. मला बघून तो उठला, सवयीने. मी सगळं सांगितलं. तपासणी, आलेख, कागद. माफी मागितली. बोलताना माझा स्वतःचाच आवाज यंत्रातून मला परका वाटत होता.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "वीस दिवस बसलोय इथे. इथून काही ऐकू येत नाही. गाड्या असतात."

ताई माझ्या मागे उभ्या होत्या.

मी फोटो दिला. त्याने तो लांब धरून बघितला. "फोकस सालीवर गेलाय," तो म्हणाला. आणि मग, "तो कुठे आहे हे मला आवाजावरून कळलं होतं. पण ऐकू येत नाही असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला असतात, तर मी डोळ्यांनी शोधायला शिकवलं असतं. तो खोडाच्या बुडाशी उतरतो आणि वर चढत जातो. शेंड्याला पोचला की उडून पुढच्या झाडाच्या बुडाशी. बुडावर नजर ठेवायची, कान नसले तरी चालतं. आमच्याकडे म्हातारे प्रवासी येतात, निम्म्यांना ऐकू येत नसतं. त्यांना तसंच दाखवतो."

"मग मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"मी विचारलं होतं, येतोय ना आवाज. तुम्ही मान हलवलीत."

एक गाडी आली. त्याने दांडा वर केला, आकडा लिहिला. परत येऊन बसला तेव्हा त्याचा सूर बदलला होता. "ती तपासणी कशी असते?"

मी सांगितलं. खोली, हेडफोन, बटण. तो बारकाईने विचारत होता. सूर किती वर जातो, दोन्ही कान वेगळे बघतात का, दुखतं का. मग फाटकापलीकडच्या झाडांकडे बघत म्हणाला, "पूर्वी मला तो रस्त्यावरून यायचा. आता आत जावं लागतं. बऱ्यापैकी आत."

"तुम्ही या," मी म्हणाले. "मी स्वतः तपासते. नाहीतर मशीन घेऊन मीच येते, छोटं असतं एक."

"नको," तो म्हणाला. "एकदा कागदावर आलं की ऑफिसात जाईल. आणि माझ्याही डोक्यात बसेल. मग जे येतंय तेही आल्यासारखं वाटणार नाही."

मी आग्रह केला नाही. कागदाचं काय होतं ते मी त्याला पुरेसं दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आत गेलो, दुसऱ्या एका वाटाड्याबरोबर. तो तरुण होता आणि सारखा बोलत होता. ताईंनी या वेळी कोडी खोलीत ठेवली होती. त्या माझ्याबरोबर जीपमधून उतरल्या आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. दोनदा त्यांनी माझ्या दंडाला धरून मला वळवलं. "त्या अंगाला. शिलाई मशीन." मी बुडावर नजर ठेवली. एक बूड, दुसरं, तिसरं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. यंत्रांतून मला पाचोळा ऐकू येत होता, मुंग्या चालल्यासारखा, आणि तरुण वाटाड्याच्या बुटांची करकर. बाकी काही नाही. दुसऱ्या वेळी एका खोडाच्या मध्यावर काहीतरी हललं असं वाटलं. कॅमेरा वर करेपर्यंत ती साल झाली होती.

"बंद झालं," ताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याहून जास्त निराशा होती. "आत्ता तर वाजत होतं गं."

दुपारी परत निघालो. फाटकाशी जीप थांबली. वाटाड्या वही घेऊन आला, चालकाला क्रमांक विचारून लिहून घेतला. मग माझ्या बाजूच्या खिडकीशी आला.

"दिसला?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. त्याने पेन कानामागे खोचलं, बाकाला वळसा घालून गेला आणि दांडा वर केला.